भुयार आधीच दिसतं, मिनी चौकोनात बसत नाहीत

प्रश्न: आम्ही सात जण दर रविवारी गंगापूर रोडला माझ्या फ्लॅटवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं बनून गोष्ट रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी; बाकी सहा खेळाडू. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन खेळायला फाउंड्री हे नकाशा आणि टोकनं दाखवणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. आता सगळे समोरासमोर बसतो, म्हणून ४३ इंची टीव्ही टेबलावर आडवा टाकला आणि लॅपटॉप जोडला. पहिल्याच दिवशी माझे चोरदरवाजे सगळ्यांना दिसले. मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या बाहुल्या, ठेवून पाहिल्या तर नकाशाचे चौकोन भलतेच मोठे. प्रत्येकाला फोनवरून टोकन, म्हणजे नकाशावरचं आपल्या पात्राचं चिन्ह, हलवायला सांगितलं, तर सगळे माना खाली घालून बसले आणि एकच लढाई अडीच तास चालली. त्यात मध्येच लाइट गेली. आता एक जण म्हणतो प्रोजेक्टर घे, दुसरा म्हणतो टच फ्रेम घे. पुढचं भुयार नाशिकच्या पांडवलेण्यांवरून रचतेय, तेव्हा तरी नीट व्हावं. काय करू?
— डीएम, गंगापूर रोड

उत्तर: आधी प्रोजेक्टर आणि टच फ्रेम दोन्ही डोक्यातून काढा. तुमच्या चारपैकी तीन तक्रारी फुकटात सुटतात. लाइटीचं तेवढं थोडं खर्चाचं आहे.

गोंधळाचं मूळ एकच आहे. ऑनलाइन खेळताना नकाशा, फासे, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा तक्ता), लढाईचा क्रम, सगळं सॉफ्टवेअरला करावं लागतं, कारण तिथे टेबलच नसतं. तुम्ही तो सगळा संसार जसाच्या तसा हॉलमध्ये आणलात. आता टेबल आहे, फासे आहेत, माणसं हाताच्या अंतरावर आहेत. तेव्हा फाउंड्रीकडे दोनच कामं ठेवा: नकाशा दाखवणं, आणि जे दिसायला नको ते झाकणं.

चोरदरवाजे का दिसले? लॅपटॉपचीच प्रत टीव्हीवर उमटत होती म्हणून. विंडोज बटण आणि पी एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' काढून 'एक्स्टेंड' निवडा. आता टीव्ही हा वेगळा पडदा झाला. पण डीएमची खिडकी तिकडे सरकवली तर पुन्हा तेच, कारण डीएमला सगळंच दिसतं. म्हणून फाउंड्रीत 'टेबल' नावाचा आणखी एक युजर तयार करा, रोल 'प्लेयर'. स्वतःच्या गेम मास्टर युजरला पासवर्ड लावा, अजून लावला नसेल तर.

इथे बहुतेक जण अडकतात. एकाच ब्राउझरच्या दोन खिडक्या लॉगिन वाटून घेतात, त्यामुळे दुसऱ्या खिडकीत 'टेबल' म्हणून शिरलात की पहिल्या खिडकीची ओळखही बदलते. उपाय सोपा: तुम्ही फाउंड्रीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा क्रोममध्ये राहा, 'टेबल'ला फायरफॉक्समध्ये बसवा. पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट ३००००. दोन्ही खिडक्या एकाच लॅपटॉपवर असल्यामुळे या जोडणीला वाय-फाय लागतच नाही, आणि लायसन्स एकदा नोंदवलेलं असेल तर इंटरनेटही नाही. फायरफॉक्स टीव्हीवर ओढा, एफ ११ दाबा, उजवीकडची पट्टी मिटवा. पट्टी, बटणं, मॅक्रोची ओळ असलं काहीच दिसायला नको असेल तर 'मंक्स कॉमन डिस्प्ले' नावाचं मोड्यूल (फाउंड्रीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) नेमकं याच कामाचं आहे. तुमच्या फाउंड्रीच्या आवृत्तीला जुळतं की नाही ते बघून मगच टाका.

टीव्ही पूर्ण काळा दिसला तर घाबरू नका. 'टेबल'ला त्या सीनमधल्या, म्हणजे उघडलेल्या नकाशातल्या, एकाही टोकनच्या डोळ्यांनी पाहायची परवानगी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या पात्राच्या नजरेतून दाखवायचं, त्याच्या ओनरशिपमध्ये 'टेबल'ला 'ऑब्झर्व्हर' करा आणि त्या टोकनचं व्हिजन चालू आहे ना ते पाहा. 'ओनर' करू नका. माऊस चुकून टीव्हीवर भटकला तर टोकन ओढलं जातं.

आता चौकोन. खेळात एक चौकोन म्हणजे ५ फूट, आणि टेबलावर तो १ इंचाचा असतो. साध्या मिनीचं बूड २५ मिलिमीटरचं असतं ते त्यामुळेच. टेप घेऊन टीव्हीचा फक्त उजळणारा भाग मोजा, कड सोडून. ४३ इंच हे कर्णाचं माप आहे; १६ बाय ९ च्या पडद्यावर आडवी रुंदी साधारण ३७ इंच भरते. फुल एचडीचे १९२० पिक्सेल भागिले ३७, म्हणजे एका इंचात ५२ पिक्सेल. फाउंड्रीतला चौकोन मुळात १०० पिक्सेलचा, तेव्हा झूम हवा ०.५२. तुम्ही बहुधा झूम १ वर होता, म्हणून चौकोन जवळपास दुप्पट झाले. टीव्ही फोर-के असेल आणि विंडोजमध्ये १०० टक्के स्केल ठेवलं असेल, तर हाच आकडा १.०४ होतो.

माऊसच्या चाकाने हा आकडा नेमका साधत नाही, ते टप्प्याटप्प्याने उडतं. सीनच्या सेटिंगमध्ये सुरुवातीच्या दृश्याचे तीन रकाने असतात: एक्स, वाय आणि झूम. झूममध्ये ०.५२ टाका, एक्स-वाय मध्ये नकाशाचा मध्य. नकाशा ३७ बाय २१ चौकोनांचा, म्हणजे ३७०० बाय २१०० पिक्सेलचा बनवला आणि पॅडिंग (नकाशाभोवतीची मोकळी जागा) शून्य केलं, तर मध्य १८५० आणि १०५०. खेळताना दृश्य हललंच तर टीव्हीच्या खिडकीवर एफ ५ मारा, परत जागेवर येतं. एक सवय मात्र सोडा: शिफ्ट दाबून नकाशावर लांब क्लिक केलं की सगळ्यांचं दृश्य तिथे ओढलं जातं, ती. डीएमच्या खिडकीतला झूमही सोबत जातो आणि माप बिघडतं. दृश्य कुलूपबंदच करायचं असेल तर 'लॉक व्ह्यू' मोड्यूल आहे, त्यात पडद्याच्या मापावरून एक इंची चौकोन बसवायचीही सोय आहे.

आकडा बरोबर टाकूनही माप चुकत असेल तर तीन जागा तपासा. एक, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचं स्केल. मोठ्या पडद्याला विंडोज आपणहून १५० किंवा त्याहून जास्त लावून मोकळं होतं. दोन, ब्राउझरचा झूम. कंट्रोल आणि शून्य दाबून सरळ करा. तीन, खुद्द टीव्ही. बरेच टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतात. पिक्चरच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तत्सम नावाचा पर्याय शोधा. मग पट्टी ठेवून दहा चौकोन मोजा. २५.४ सेंटिमीटर यायला हवेत. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर सोडून द्या, मिनी पडद्यावरच्या चौकोनात बसतेय ना, झालं.

फोनचं म्हणाल तर फाउंड्री मुळात फोनच्या पडद्यासाठी बनलेलंच नाही. सहा जण सहा छोट्या पडद्यांवर तोच नकाशा चिमटीने मोठा करत बसणार आणि मधला ४३ इंच वाया जाणार. नकाशा फोनवर बंद. कोणाला कॅरेक्टर शीट तिथेच हवी असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'डिसेबल गेम कॅनव्हास' चालू करायला सांगा. नकाशा उघडणारच नाही, शीट तेवढी दिसेल. त्यासाठी फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर हवेत, आणि विंडोजमध्ये ते नेटवर्क 'प्रायव्हेट' असायला हवं. 'पब्लिक' असलं की फायरवॉल दार उघडत नाही. राउटरचं गेस्ट वाय-फायही नको, ते बहुधा एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाही. खरं सांगायचं तर कागदी शीट आणि पेन्सिल याहून जलद चालतं.

राहिला प्रश्न, नकाशावर कोण हलतं. खऱ्या मिनीही हलवायच्या आणि त्यांच्याखालची डिजिटल टोकनंही हलवायची, हे दुहेरी काम. अडीच तास खाणारं कारण हेच. सहा टोकनांऐवजी एकच करा. 'मशाल' नावाचं एक पात्र बनवा, 'टेबल'ला फक्त त्याचं ऑब्झर्व्हर करा. पाचव्या आवृत्तीत मशाल २० फूट लख्ख आणि पुढे आणखी २० फूट अंधूक उजेड देते. टोकनच्या लाइटमध्ये ब्राइट २०, डिम ४० भरा, कारण डिमचा आकडा मध्यापासून मोजतात. मंडळी पुढे सरकली की तुम्ही एकच टोकन ओढायचं. भिंतींमागचा अंधार आपोआप राहतो. मिनी ज्याची त्याने हलवावी. गट फुटला तर दुसरी मशाल टाका. एखाद्याला अंधारात दिसतं आणि बाकीच्यांना नाही, हा भेद पडद्यावर दाखवायला जाऊ नका. तो तोंडी सांगा, त्यात मजाही आहे.

राक्षस मात्र डिजिटलच ठेवा. आठ गॉब्लिनच्या मिनी शोधत बसण्यापेक्षा आठ टोकनं आधीच लपवून ठेवली आणि वेळ आली की राइट क्लिक करून लपवण्या-दाखवण्याच्या चिन्हाने उघडी केली, तर टेबलाभोवती जो श्वास अडकतो तो कागदी नकाशावर मिळत नाही. खेळाडू खरे फासे टाकतील आणि आकडा बोलतील. तुम्ही टोकनवर राइट क्लिक करून आयुष्याच्या रकान्यात 'वजा ७' लिहा आणि एंटर मारा, वजाबाकी तोच करतो. लढाईचा क्रम ट्रॅकरमध्ये भरा हवं तर, पण फासे त्याला टाकायला लावू नका.

टीव्ही आडवा 'टाकला' म्हणता, तिथे थोडी काळजी. पाठीमागची हवा उभ्या टीव्हीसारखी वर जात नाही, म्हणून टेबलाच्या फळीपासून दोन-तीन बोटं तरी उचला. चार कोपऱ्यांना रबरी बूच पुरतात. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, उष्णताही कमी आणि खालून येणारा उजेड डोळ्यांनाही कमी लागतो. केबलचं तोंड पाठीच्या बाजूला असेल तर टीव्हीच्या वजनाने ते दबतं. काटकोनी एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर लावा. आडवं वापरण्याबद्दल कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वॉरंटी चालू असेतो वाचून घ्या. जोडलं की आवाज टीव्हीत जातो आणि आडव्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात, तेव्हा आवाज लॅपटॉपकडेच वळवा.

पडद्यावर थेट मिनी नको. फासे तर नकोच. धातूचा फासा एकदा उंचावरून पडला की संपलं. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायची चौकट करून घ्या, कोपर टेकायला चार बोटं काठ ठेवून, आणि वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. दुकानांचे बोर्ड बनवणारे ते मापाने कापून देतात. ३ मिलिमीटरचं घेऊ नका, एवढ्या रुंदीत ते मध्ये झोळ धरतं आणि पॅनलला टेकतं. ५ घ्या. चौकटीवर टेकू द्या, पॅनलवर नाही. मात्र मधलं अंतरही उगाच वाढवू नका. डोळा तिरका पाहतो, त्यामुळे मिनी आणि चित्र यांच्यात सेंटिमीटरभर फट पडली, तर लांब बसलेल्याला मिनी शेजारच्या चौकोनाच्या रेषेवर उभी दिसते आणि 'मी इथे नव्हतोच' हे भांडण सुरू होतं. पॅनल आणि शीट यांच्यात ४-५ मिलिमीटर पुरे. पुसायला ओलं मऊ फडकं. अमोनियाचं किंवा स्पिरिटचं काच-क्लीनर मारलंत तर अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. आणि रविवारची मिसळ आधी खाऊन, हात धुऊनच बसायचं. तर्रीचा तो तांबडा डाग अंधाऱ्या नकाशावर ड्रॅगनच्या रक्तासारखा दिसतो खरा, पण निघता निघत नाही.

प्रोजेक्टर का नको, ते थोडक्यात. दिवसा पडदे ओढावे लागतात, वाकून मिनी हलवली की हाताची सावली नकाशाभर पडते, आणि छताला अगदी काटकोनात बसला नाही तर चौकोन एका बाजूला पसरतात. टच फ्रेम इन्फ्रारेड किरणांच्या जाळ्यावर चालते, आणि मिनीचं बूडही तिला बोटच वाटतं. तुमच्या आठ गॉब्लिनना ती एकाच वेळी आठ बोटं समजेल.

पांडवलेणी! कल्पना झकास, आणि तुमच्या टीव्हीवर चपखल बसेल अशी. तिसरं लेणं घ्या, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचं. आतलं दालन सुमारे ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल, तीन बाजूंना बाक, भोवती भिक्षूंच्या १८ खोल्या: उजवीकडे ७, मागे ६, डावीकडे ५. खऱ्या मापाने काढलंत तर दालन जेमतेम ८ बाय ९ चौकोन होतं. सहा खेळाडू आणि आठ शत्रू तिथे सकाळच्या सिटी बससारखे उभे राहतील. दीडपट करा: १२ बाय १४. आता मागची १२ चौकोनांची भिंत, त्यात दोन-दोन चौकोनांच्या ६ खोल्या. उजवी १४ ची, त्यात ७. डाव्या भिंतीत ५ खोल्यांचे १० चौकोन भरतात आणि ४ चौकोन कोरी भिंत उरते. चोरदरवाजा तिथेच. ज्याने लेणं नीट पाहिलंय तो खेळाडू दोन्ही भिंतींची दारं मोजेल आणि म्हणेल, 'इकडे दोन कमी का?'

लेण्याची खोली टीव्हीच्या लांब बाजूने टाका. दालन १४, मागची भिंत आणि खोली ३, व्हरांडा ३, मिळून २०. टीव्हीवर ३७ आहेत, म्हणजे बाहेरच्या पायऱ्या आणि अंगणाला १७ चौकोन मोकळे, पहिली चकमक तिथे. रुंदी १२ आणि दोन्हीकडे ३-३, एकूण १८. २१ मध्ये आरामात. नकाशावर अक्षरं लिहू नका. माणसं चारही बाजूंना बसलेली असतात, निम्म्यांना ती उलटीच दिसणार. भिंती वॉल टूलने ओढा, खोल्यांना 'डोअर', आणि त्या कोऱ्या भिंतीला 'सीक्रेट डोअर'. तो प्रकार खेळाडूंच्या पडद्यावर साध्या भिंतीसारखाच वागतो. चित्र वेबपीमध्ये साठवा. एकाच लॅपटॉपवर सर्व्हर आणि दोन नकाशे चालणार आहेत, तेव्हा धाप लागली तर फाउंड्रीच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेट ३० वर आणा आणि मशालीच्या ज्योतीचं हलणं बंद करा. ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू हवंच.

लाइट. लॅपटॉपला बॅटरी आहे, टीव्हीला नाही. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॅटच्या आतबाहेर घेतो, तेवढं घरचा इन्व्हर्टर सहज ओढतो. फक्त तो 'यूपीएस' मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाण्या-येण्याच्या झटक्यात टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आणि टीव्ही गेला की विंडोज त्यावरची खिडकी उचलून लॅपटॉपवर आणतो. परत आला की आधी खात्री करा की तिकडे 'टेबल'च गेलंय, तुमची खिडकी नाही. फोनवर शीट वापरणारे असतील तर राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. इन्व्हर्टर नसेल तर एक इंची चौकोनांचा मोठा कागद गुंडाळून कपाटामागे ठेवा. दालनाची चौकट पेन्सिलने दोन मिनिटांत निघते, मिनी टेबलावर आहेतच.

लॅपटॉपचं स्लीप बंद करा आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. बसायचं टेबलाच्या अरुंद बाजूला, पाठ भिंतीला लावून. चोरदरवाजा टीव्हीवरून झाकलात आणि शेजारच्याने लॅपटॉपवर वाचला, तर उपयोग काय?

शनिवारी रात्री 'टेबल' म्हणून शिरून मशाल सगळ्या दालनातून एकदा फिरवा, दारं उघडून बघा. मग लाइटिंगच्या पट्टीत जाऊन 'रिसेट फॉग' दाबा. फाउंड्री प्रत्येक युजरने पाहिलेला भाग लक्षात ठेवतं. हे विसरलात तर रविवारी पहिल्या पायरीवरच सगळ्यांना अख्खं लेणं करड्या रंगात दिसेल.